कॅन्सरची लस लागू पडेल का, हे आधी सांगणारी तपासणी खरंच आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मावशींचं परळला स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, केमो सुरू व्हायची आहे, आणि एका खासगी लॅबने ‘कॅन्सरची लस लागू पडेल की नाही’ हे सांगणारं महागडं बायोमार्कर पॅनेल (रक्तातल्या आणि गाठीतल्या खुणांच्या तपासण्यांचा संच) सुचवलंय. ते करावं का?

त्या दाव्यावर विसंबून करू नका. लस देण्याआधीच तिचा उपयोग होईल की नाही हे सांगणारी, मोठ्या चाचणीत सिद्ध झालेली तपासणी आज स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी नाही. काही तपासण्या मात्र खरोखर उपयोगी आहेत आणि त्यांतल्या एकीची वेळ केमोच्या आधीचीच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला घोळ इथे होतो. आजार पुढे कसा वागेल हे सांगणारा मार्कर, म्हणजे तपासणीत दिसणारी खूण, वेगळा, आणि अमुक औषध दिल्याने फरक पडेल का हे सांगणारा वेगळा. दुसरा सिद्ध करायचा तर लस मिळालेले आणि न मिळालेले असे दोन गट शेजारी ठेवून बघावं लागतं. प्रोस्टेट कॅन्सरच्या सिप्युल्यूसेल-टी या लसीला अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली. नंतरच्या विश्लेषणात दिसलं, की पीएसए (या आजाराचा भार दाखवणारं रक्तातलं प्रथिन) सुमारे २२ पेक्षा कमी असलेल्यांना लसीने मध्यक आयुष्यात (निम्मे रुग्ण जितकं जगले त्या काळात) १३ महिन्यांचा फायदा झाला, तर पीएसए सर्वांत जास्त असलेल्या गटाला तीन महिन्यांहूनही कमी. आजाराचा भार कमी असताना लस दिली तर ती जास्त चालते, हा या क्षेत्रातला मला सर्वांत भरवशाचा वाटणारा संकेत. आणि तो कळायला कुठलंही महागडं पॅनेल लागत नाही.

उलटं उदाहरण एमएजीई-ए३ लसीचं. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या २,२७२ रुग्णांवर तिची चाचणी झाली. गाठीत ते प्रथिन बनवणारा जीन सक्रिय आहे अशाच रुग्णांना निवडलं होतं, तरी फायदा शून्य. लक्ष्य गाठीत असणं पुरेसं नसतं. आधीच्या छोट्या अभ्यासात सापडलेली ‘कुणाला फायदा होईल’ सांगणारी जीन-सिग्नेचरही (अनेक जीन्सच्या सक्रियतेचा ठसा) तिथेच अडकली, कारण लसच चालली नाही तर तिचा मार्कर सिद्ध होणार कसा?

आता स्वादुपिंड. तुम्ही वाचलेली बातमी बहुधा न्यूयॉर्कच्या एमआरएनए लसीची असावी. त्यात प्रत्येक रुग्णाच्या गाठीतली म्युटेशन्स (डीएनएतले बदल) बघून वेगळी लस बनवली, ऑपरेशननंतर साधारण नऊ आठवड्यांनी सुरू केली, सोबत अटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध आणि नंतर केमो. १६ जणांपैकी ८ जणांत लसीतल्या लक्ष्यांवर हल्ला करणाऱ्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) तयार झाल्या. त्यांच्यात आजार बराच काळ उलटला नाही, उरलेल्या ८ जणांत तो मध्यक १३.४ महिन्यांत परतला. यावरून ‘टी-पेशी हाच बायोमार्कर’ म्हणण्याचा मोह होतो. पण ज्यांची प्रतिकारशक्ती मुळात धडधाकट, ते लसीविनाही जास्त जगले असते का? संशोधकांनी ही शंका तपासली. कोव्हिडच्या एमआरएनए लसीला दोन्ही गटांनी सारखाच प्रतिसाद दिला होता, म्हणजे दुसऱ्या गटाची प्रतिकारशक्ती सरसकट दुबळी नव्हती. हा पुरावा मला पटतो, पण तुलनेचा गट नसल्याने तो अजून अर्धाच आहे. शिवाय या टी-पेशी लस दिल्यानंतरच मोजता येतात.

त्या मोजायच्या तर एलिस्पॉट ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. लसीच्या आधीचं आणि नंतरचं रक्त, घेतल्यापासून साधारण आठ तासांत पेशी वेगळ्या करायच्या, तपासणीच्या ताटलीतल्या प्रत्येक खाचेत दोन ते चार लाख जिवंत पेशी, आणि शेजारी तुलनेसाठी लसीचं पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) न घातलेली खाच. रक्त विरारहून अंधेरीला पोचेपर्यंत दिवस गेला किंवा बर्फात ठेवलं, तर ग्रॅन्युलोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी मिसळतात आणि प्रतिसाद खोटाच कमी दिसतो. लसीआधी एकदाच रक्त घेऊन दिलेला ‘इम्यून स्कोअर’ लसीबद्दल काहीही सांगत नाही.

पॅनेलमधल्या टीएमबी (गाठीत म्युटेशन्स किती दाट आहेत) आणि पीडी-एल१ (प्रतिकारशक्तीला ब्रेक लावणारं प्रथिन) या आकड्यांचंही तेच. टीएमबीची १० ही रेषा २०२० मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधासाठी ठरली, लसीसाठी नाही. स्वादुपिंडाच्या गाठी बहुतेक वेळा तिच्या बऱ्याच खाली असतात, तरी वरच्या चाचणीत निम्म्यांना प्रतिसाद मिळाला.

मग करायचं काय? सर्वांत आधी ब्लॉक, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचे मेणात जतन केलेले तुकडे. पॅथॉलॉजी विभागाला विचारा, की कोणत्या ब्लॉकमध्ये कॅन्सरच्या पेशी जास्त आहेत. स्वादुपिंडाच्या गाठीत तंतुमय ऊतीच इतकी असते, की पेशींचं प्रमाण अनेकदा २० टक्क्यांच्या खाली जातं आणि म्युटेशन्स निसटतात. पॅथॉलॉजिस्टने स्लाइडवर गाठीचा भाग आखून तेवढाच खरवडून घ्यावा. गाठीच्या या जनुकीय तपासणीसोबत मावशींचं साधं रक्तही द्या. ते नसेल तर आपल्याकडचे जन्मजात जनुकीय फरक, जे परदेशी डेटाबेसमध्ये पुरेसे नोंदलेले नाहीत, गाठीची म्युटेशन्स म्हणून मोजले जातात आणि टीएमबी फुगतो.

या तपासणीत केआरएएस या जीनमधल्या म्युटेशनचा नेमका प्रकार मागा: जी१२डी, जी१२व्ही की जी१२आर. त्यावर बेतलेल्या लसींच्या चाचण्या चालू आहेत आणि प्रवेशाची अट बहुधा हीच असते. एचएलए टायपिंग (टी-पेशींना लक्ष्य दाखवणाऱ्या प्रथिनांचा जन्मजात प्रकार ओळखणं) लसीच्या चाचणीची अट असेल तरच करा, आणि तेही चार अंकी. अनेक पेप्टाइड लसी ए*०२:०१ साठी बनल्या आहेत; आपल्याकडे ए०२ चे ०२:११ सारखे इतर उपप्रकारही बरेच आढळतात. नुसतं ‘ए२ पॉझिटिव्ह’ लिहिलेला रिपोर्ट तिथे चालत नाही.

सीटीडीएनए (गाठीतून रक्तात आलेल्या डीएनएची तपासणी) करणार असाल तर ऑपरेशननंतर सुमारे चार आठवड्यांनी आणि केमोच्या आधी. त्याआधी जखम भरताना निरोगी पेशींचा डीएनए रक्तात इतका येतो की गाठीचा झाकला जातो. हिरव्या टोपीची हेपरिनची नळी नको, तिने पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पायरी) अडतो. डीएनए टिकवणारी खास नळी मागा. तीही बर्फात किंवा फ्रीजमध्ये ठेवायची नाही. साधी ईडीटीए नळी असेल तर काही तासांतच प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) वेगळा व्हायला हवा. स्वादुपिंडाच्या गाठी रक्तात डीएनए कमी सोडतात, म्हणून निगेटिव्ह रिपोर्टवर निश्चिंत होऊ नका. पॉझिटिव्ह आला तर मात्र तो डॉक्टरांना लगेच दाखवा.

मावशींना स्टेरॉइड चालू असेल तर चाचणीच्या डॉक्टरांना डोससकट सांगा. त्याने टी-पेशी दबतात आणि पुष्कळ चाचण्या त्यावरूनच नकार देतात.

यातल्या कशासाठीही केमो लांबवू नका. ऑपरेशननंतर १२ आठवड्यांच्या आत ती सुरू व्हायला हवी. लस दुकानात मिळत नाही, ती मिळेल तर चाचणीतच. भारतातल्या चाचण्या सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर आजाराच्या नावाने शोधता येतात. तिथून नोंदणी क्रमांक घेऊन टाटा मेमोरियलच्या किंवा तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टला विचारा. आणि लॅबला एकच विचारा: हा मार्कर कोणत्या लसीच्या, तुलनेचा गट असलेल्या चाचणीत सिद्ध झाला? लसीचं नाव सांगता आलं नाही तर पैसे भरू नका.