पीएफ वाढवू की कंपनीचं एनपीएस घेऊ? 49 व्या वर्षी नोकरी सोडायची आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 33, चिंचोळी एमआयडीसीत नोकरी, मूळ पगार 40,000, एचआरने व्हीपीएफ (पीएफमध्ये स्वतःहून टाकायचे जास्तीचे पैसे) आणि एनपीएसचे (सरकारी देखरेखीखालची पेन्शन योजना) फॉर्म हातात दिलेत आणि 49 ला थांबायचंय. व्याज कुठे जास्त, असं तुम्ही विचारलंय. मी असतो तर आधी विचारलं असतं, पैसा कुठला कधी हातात येतो?

मी अक्कलकोट रोडवर एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघायचो. 48 ला सोडायचं ठरवलं होतं, सोडलं 51 ला. कर वाचतो म्हणून 2012 पासून जास्तीचं सगळं एनपीएसमध्ये टाकत गेलो होतो. एका रविवारी कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलने हिशेब मांडला. रक्कम झकास, पण साठीआधी बाहेर पडलं तर 80 टक्क्यांची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून बांधीव पेन्शन, घ्यायची, हातात 20 टक्के. बायको म्हणाली, "मग साठपर्यंत काय शेंगाचटणी-भाकरी खायची?" पुढची तीन वर्षं मी फक्त एनपीएसबाहेरचा पैसा जमवण्यासाठी काम केलं. 2025 च्या शेवटी एनपीएसचे नियम बरेच सैल झालेत, तेव्हा तुम्हाला त्यातलं काय लागू होतं ते सही करण्याआधी बघा. माझ्या वेळचं ऐकून नाही म्हणू नका.

आता तुमचे आकडे. पीएफला तुमचे महिन्याला 4,800 जातात, वर्षाला 57,600. स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांच्या वर गेली की वरच्या भागाच्या व्याजावर कर लागतो. म्हणजे व्हीपीएफला महिन्याला साधारण 16,000 पर्यंत जागा आहे. 2024-25 चं व्याज 8.25 टक्के होतं. बिनघोर पैशाला याहून चांगली जागा मला तरी सापडली नाही. पण सगळे 16,000 तिथेच घालू नका.

कारण 49 ला सोडणं पीएफच्या लेखी निवृत्ती नाही, ती 55 ला. तुम्ही फक्त 'नोकरी सुटलेले'. ऑक्टोबर 2025 मध्ये ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) विश्वस्त मंडळाने पूर्ण रक्कम काढायची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिन्यांवर न्यायचं ठरवलं, तोवर 25 टक्के आतच. म्हणून पहिल्या वर्षाचा घरखर्च सगळ्या पीएफवर धरू नका. उरलेलं आत ठेवलंत तर 58 पर्यंत व्याज चालू राहतं, फक्त नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर बसतो. हे पुष्कळांना नोटीस आल्यावर कळतं.

कंपनीकडून येणाऱ्या एनपीएसचं मात्र वेगळं. नव्या करपद्धतीतही मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंत वजावट मिळते, म्हणजे तुमचे महिना 5,600. एचआर 'कंपनी देते' म्हणेल, पण बहुतेक ठिकाणी ते तुमच्याच सीटीसीतून (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च) वळवतात. कर बसतच नसेल तर घाई नको. घेतलंत तर ऑटो चॉइसवर, म्हणजे पैसा कशात गुंतवायचा ते वयानुसार आपोआप ठरवणाऱ्या पर्यायावर, डोळे झाकून टिक करू नका. त्यातल्या मध्यम पर्यायात, एलसी 50 मध्ये, शेअरचा हिस्सा वयाच्या 35 नंतर दरवर्षी 2 टक्क्यांनी उतरत 55 ला 10 टक्क्यांवर येतो. तुम्हाला हा पैसा साठीनंतरच लागणार असेल तर इतक्या लवकर कशाला उतरवायचा?

49 ते साठीच्या मधल्या वर्षांसाठी कंपनीच्या फॉर्मबाहेरचा पैसा लागतो. आज घरखर्च 40,000 असेल आणि महागाई 6 टक्के धरली, तर 49 ला तोच महिन्याला लाखाच्या वर जातो. त्यासाठी मी साध्या इंडेक्स फंडाची (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा म्युच्युअल फंड) एसआयपी, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम, धरेन, व्हीपीएफइतकीच. सोडायच्या तीन-चार वर्षं आधी त्यातला थोडा थोडा एफडीत आणायचा.

ईपीएस, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन योजना, विसरू नका. 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदा पीएफला लागला असाल आणि तेव्हाच मूळ पगार 15,000 च्या वर असेल, तर पेन्शन योजनेत तुम्ही नाहीच. पासबुकात पेन्शनचा रकाना बघा. असाल, तर 25 वर्षांच्या नोकरीला 58 व्या वर्षापासून महिन्याला 5,357 च्या आसपास बसतं. पन्नाशीपासूनही मिळतं, पण 58 च्या अलीकडच्या दर वर्षाला 4 टक्के कपात. आणि नोकरी बदलताना पेन्शनचे पैसे काढू नका. मी पहिल्या नोकरीचा पीएफ तीन वर्षांत मोडून बाइक घेतली. पाच वर्षांच्या आत काढला म्हणून कर गेला, शिवाय पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांतली तीन वर्षं पुसली गेली. बाइक सात रस्त्यावर चोरीला गेली, ते वेगळंच.

आणि कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःची पॉलिसी चाळिशीच्या आत घ्या, बीपीची गोळी सुरू व्हायच्या आधी.

व्हीपीएफचा आकडा आमच्याकडे फक्त एप्रिलमध्ये बदलू द्यायचे. तुमच्याकडे काय पद्धत आहे ते एचआरला या आठवड्यातच विचारा.