तुमचे प्रश्न : ग्रॅम आणि मिलिलिटर यांचा मेळ

प्रश्न : खोकल्याच्या औषधाची 100 मिलीची बाटली मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी भरलेली आणि मग रिकामी अशी तोलून पाहिली, तर आतले औषध 124 ग्रॅम भरले. हीच कसोटी 100 मिलीच्या खोबरेल तेलाला लावली, तर ते जेमतेम 91 ग्रॅम निघाले. औषधवाला जास्त देतो आणि तेलवाला मारतो, असे समजावे का?
– एक निवृत्त वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : दोघांनीही माल बरोबर दिलेला आहे. मिलिलिटर हे जागेचे माप आहे आणि ग्रॅम हे वजनाचे; ही दोन्ही मापे एकमेकांशी जवळजवळ जुळतात ती केवळ पाण्याच्या बाबतीत. साखर विरघळलेला पाक पाण्यापेक्षा जड असतो आणि तेल हलके असते. खाद्यतेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर बहुधा 910 ग्रॅम असेही छापलेले असते, ते याच कारणाने. एक मिलिलिटर पदार्थाचे जितके ग्रॅम वजन भरते, ती त्याची घनता. तुमच्या औषधाची ती 1.24 निघाली.

आपल्या प्रयोगाबद्दल कौतुक आहे, पण मात्रा मात्र काट्यावर मोजू नये. चिठ्ठीवर 5 मिली लिहिलेले असताना 5 ग्रॅम तोलून घेतले, तर पोटात सुमारे 4 मिलीच औषध जाईल, म्हणजे मात्रा पाचव्या हिश्श्याने कमी पडेल. बाटलीसोबत येणारे खुणांचे झाकण त्यासाठीच असते.

प्रश्न : प्रात्यक्षिकात 100 ग्रॅम ग्लिसरीन घ्यायचे होते आणि मी मोजपात्राने 100 मिली घेतले, म्हणून गुण गेले. घनता आणि विशिष्ट गुरुत्व यांचे आकडे पुस्तकात सारखेच दिसतात, मग दोन नावे कशाला? शिवाय माझ्या सिरपचे उत्तर दर वेळी वेगळे का येते, हेही सांगावे.
– डी. फार्म.ची (औषधनिर्माणशास्त्र पदविकेची) विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : ग्लिसरीनची घनता सुमारे 1.25 धरली, तर 100 ग्रॅमसाठी 80 मिली पुरे होते. तुम्ही 100 मिली घेतले, म्हणजे 125 ग्रॅम, पाव हिस्सा जादा. ग्रॅमवरून मिलीकडे जाताना घनतेने भागायचे आणि मिलीवरून ग्रॅमकडे येताना गुणायचे, हे सूत्र परीक्षेच्या घाईत उलटे होते. म्हणून उत्तर लिहिण्यापूर्वी एवढेच पाहावे की, पदार्थ पाण्याहून जड असेल तर मिलीचा आकडा ग्रॅमपेक्षा लहान आला आहे ना. ग्लिसरीनसारखा चिकट द्रव तर काट्यावरच घेतलेला बरा, कारण मोजपात्राच्या भिंतीला चिकटून राहिलेला भाग हिशेबात येत नाही. मात्र घशाला लावायच्या मॅन्डल्स पेंटसारख्या कृतीत ‘ग्लिसरीन, एकूण 100 मिली होईपर्यंत’ असे असते. तिथे घनतेने गुणाकार-भागाकार करत बसू नये, खुणेपर्यंत भरावे.

विशिष्ट गुरुत्व हे निव्वळ गुणोत्तर आहे. तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या तुलनेत पदार्थ किती पट जड आहे, इतकेच ते सांगते, म्हणून त्याला एकक नाही. पाण्याची घनता मिलिलिटरला जवळजवळ एक ग्रॅम असल्यामुळे दोन्ही आकडे सारखे दिसतात. हीच घनता घनमीटरला किलोग्रॅममध्ये मांडली, तर ग्लिसरीनचा आकडा 1250 होतो; विशिष्ट गुरुत्व मात्र 1.25 च राहते. तेव्हा उत्तरात एकक लिहिले की नाही, यावर परीक्षक गुण कापतात ते उगाच नव्हे.

आता सिरप. समजा, 25 मिलीची विशिष्ट गुरुत्वाची बाटली रिकामी 22.40 ग्रॅम, पाण्याने भरून 47.30 ग्रॅम आणि सिरपने भरून 55.42 ग्रॅम भरली. पाणी 24.90 ग्रॅम, सिरप 33.02 ग्रॅम, भागाकार 1.326. भारतीय औषधसंहितेत, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथात, साध्या सिरपचे प्रति मिली वजन 1.315 ते 1.333 ग्रॅम असे दिलेले आहे, त्यात हे बसते. याच संहितेप्रमाणे 667 ग्रॅम साखर घेऊन पाण्याने एकूण वजन 1000 ग्रॅम करायचे असते. अनेक विद्यार्थी त्याला एक लिटर समजतात, प्रत्यक्षात ते साधारण 760 मिली भरते.

दर वेळी उत्तर बदलण्याचे मूळ मला तुमच्या तळहातात दिसते. बाटली मुठीत धरली की आतला द्रव तापून फुगतो, बुचातल्या केशनलिकेच्या, म्हणजे केसासारख्या बारीक नळीच्या, टोकाशी थेंब जमतो, तो आपण रुमालाने टिपतो आणि तेवढा ऐवज वजनातून गळतो. बाटली मानेशी, दोन बोटांनी धरावी. संहितेला तापमान 25 अंश अपेक्षित आहे. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी पंखा लावलेल्या खोलीतही द्रव त्याहून बराच गरम असतो, म्हणून बाटली आधी 25 अंशांच्या पाण्यात ठेवून मगच पुसावी. सिरप ओतताना अडकलेला एखादा बुडबुडाही आकडा खाली आणतो. पाणी आणि सिरप या दोन्ही वेळा तापमान एकच असावे, नाहीतर तुलनेलाच अर्थ उरत नाही.

प्रश्न : बाटलीवर ‘हायड्रोक्लोरिक आम्ल 36 टक्के डब्ल्यू बाय डब्ल्यू, विशिष्ट गुरुत्व 1.18’ असे आहे. त्यातून 10 टक्क्यांचे 100 ग्रॅम सौम्य आम्ल करायला मी 27.8 मिली घेतले. चूक कुठे झाली?
– एक विद्यार्थी, हडपसर

उत्तर : 27.8 हा आकडा बरोबर आहे, फक्त तो ग्रॅमचा आहे. डब्ल्यू बाय डब्ल्यू म्हणजे वजनास वजन : 100 ग्रॅम आम्लात 36 ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड. 10 ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड मिळण्यासाठी 10 भागिले 0.36, म्हणजे 27.8 ग्रॅम तीव्र आम्ल लागते, त्याला 1.18 ने भागले की 23.5 मिली येतात. तुम्ही घेतलेल्या 27.8 मिलीत जवळपास 11.8 ग्रॅम गेले, म्हणजे आम्ल अठरा टक्क्यांनी जास्त तीव्र झाले. धुरांड्याच्या कपाटात (आम्लाच्या वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या) काट्यावरच्या चंचुपात्रात साधारण 70 ग्रॅम पाणी आधी घ्यावे, त्यात हे 23.5 मिली आम्ल हळूहळू सोडावे आणि मिश्रण निवल्यावर पाण्याने वजन 100 ग्रॅम करावे. मोजपात्रात 100 मिलीच्या खुणेपर्यंत भरू नये. सौम्य आम्लाचे 100 मिली सुमारे 105 ग्रॅम भरतात.