“यातला आपला कोणता गातोय?”

प्रश्न : मुलगा यंदा नववीत. शाळेच्या बॉइज कोरसमध्ये परस्पर नाव देऊन आला. आवाज फुटतोय, मध्येच चिरकतो, आणि इतकी वर्षं शिकलेली पेटी बंद. हिवाळी कार्यक्रमाला गेलो तर याचा आवाज ऐकूच आला नाही, शिवाय निम्मी गाणी चर्चची. सासूबाई व्हिडिओ पाहून विचारतात, “यातला आपला कोणता गातोय?” हाच वेळ गणिताला दिला असता तर?
— अमेरिकेतली एक आई

उत्तर : ताई, तो वेगळा ऐकू आला नाही म्हणजे पोरगं बरं गातंय.

आपल्या डोक्यात गाणं म्हणजे पुढे बसलेला एक गायक आणि मागे साथीदार. भजनी मंडळात सगळे गातात खरे, पण चाल एकच. मुलांच्या कोरसमध्ये बहुधा सुरांच्या चार ओळी असतात, दोन टेनरच्या म्हणजे वरच्या आवाजाच्या आणि दोन बासच्या म्हणजे खालच्या आवाजाच्या, आणि चारही वेगळ्या. माझा मुलगा दुसऱ्या बासमध्ये होता. तीन आठवडे जेवताना एकाच सुरावर “ऊऽऽ” चालायचं. मी वैतागून म्हटलं, अरे, पुढे तरी सरक! कार्यक्रमात त्याच सुरावर बाकीच्यांची चाल चढत गेली, तेव्हा मी गप्प बसले.

पुढच्या वेळी लांबलचक ओळ आली की मुलांच्या खांद्यांकडे बघा. शेजारचे दोघे एकदम श्वास घेत नाहीत. एक थांबतो, दुसरा सूर धरून ठेवतो, पहिला हळूच परत मिसळतो. आपल्याला सूर तुटल्याचं कळतही नाही. आपल्या पोराला हे घरी कोण शिकवणार होतं?

आवाजाची धास्ती नको. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण सप्तकभर खाली उतरतो. जॉन कुक्सी या अमेरिकी संगीतशिक्षकाने १९७० च्या दशकात या बदलाचे टप्पे मांडले. या काळात गाणं बंद करायची गरज नसते, फक्त वरचे सूर ओढूनताणून लावायचे नाहीत. घसा दुखला तर थांबायचं. आवाज कित्येक आठवडे बसलेलाच राहिला तर डॉक्टरांना दाखवा. आणि चिरकला की घरात कुणी हसायचं नाही, धाकट्या बहिणीलाही दटावा. पेटी वाया गेलेली नाही. सारेगमवर बसलेला कान डो-रे-मीला पटकन रुळतो.

चर्चच्या गाण्यांचं म्हणाल, तर सरकारी शाळेला मुलांकडून प्रार्थना करवून घेता येत नाही. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने तशी मनाई आहे. पण पाश्चात्त्य समूहगानाचा मोठा भाग चर्चसाठीच रचला गेला आणि तो संगीत म्हणून शिकवता येतो. एखादं गाणं मनाला पटत नसेल तर सरांना सत्राच्या सुरुवातीला एकटं भेटा, कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ईमेल नको.

गणित राहू द्या बाजूला. कोरस हा बहुतेक ठिकाणी वेळापत्रकातला तास असतो, त्याचं क्रेडिट मिळतं, आणि अनेक राज्यांत हायस्कूल पूर्ण करायला कलेचं क्रेडिट लागतंच. कार्यक्रमाची हजेरीही बहुधा ग्रेडमध्ये धरतात. तेव्हा डिसेंबरची भारताची तिकिटं काढण्याआधी तारखा बघा. (हे मी अनुभवाने सांगतेय. तिकीट बदलण्याचा भुर्दंड आम्ही भरलाय.)

आता तुमच्याबद्दल. आपण मुलाला दाराशी सोडतो आणि गाडीत फोन बघत बसतो. आत बाकीचे आईबाप काळ्या पँटचे काठ मुडपत असतात, तिकिटं फाडत असतात, बसमध्ये कोण बसणार ते ठरवत असतात. त्यातलं एक काम मागून घ्या. मुलाच्या मित्रांची नावं तुम्हाला तिथेच कळतील. घरी विचारलंत तर “कुणी नाही” एवढंच उत्तर मिळेल.

आणि सासूबाईंना पुढचा व्हिडिओ पाठवण्याआधी मुलाला फोनवर फक्त त्याची ओळ म्हणायला लावा. दोनदा. मग पूर्ण गाणं लावा, आजी शोधतील त्याला.