पंचवीस तारखेचे दोन तुकडे

ताई, स.न.वि.वि.

आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली, मुलगी तीन वर्षांची आहे. माझं सासर आणि माहेर यांच्यात गाडीने पाच तासांचं अंतर आहे आणि आम्ही राहतो ते शहर दोन्हींपासून लांब. दोन्ही घरं ख्रिस्ती, त्यामुळे दोन्हीकडे नाताळ हाच वर्षातला मोठा सण. लग्नानंतर असं ठरलं की २४च्या मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली उपासना) सासरी आणि २५ला सकाळी निघून दुपारपर्यंत माहेरी. तेव्हापासून तेच चालू आहे. गेल्या वर्षी मुलगी वाटेत तापाने फणफणली आणि आम्ही पोचेपर्यंत माहेरची सगळी मंडळी पांगली होती.

मार्चमध्ये माझे बाबा गेले. आई एकटी आहे. भाऊ परदेशात. यंदा मला २३पासून आईकडे राहायचंय. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "नातीशिवाय आमचा कसला नाताळ?" आईला विचारलं तर ती म्हणते, "माझं काय, तुम्ही तिकडेच राहा, मी एकटी आहे ती आहेच." नवरा म्हणतो, "तू ठरव, मला दोन्ही चालेल." आईला सासरीच घेऊन ये, असं नणंदेने सुचवलंय. मी काय करू?

– दोन्हीकडची, म्हणून कुठलीच नाही

ता.क. हे पत्र नवऱ्याला दाखवू का?

*

सप्रेम नमस्कार,

यंदा आईकडे जा. २३ला जा आणि नाताळ होऊन एक-दोन दिवस उलटेपर्यंत तिथेच राहा. या बाबतीत आढेवेढे घेत बोलण्यात अर्थ नाही. दोन घरांना बरोबरीचा वाटा मिळावा हे मलाही मान्य आहे, पण ती बरोबरी पाच-दहा वर्षांच्या हिशोबात बघायची असते, एकेका डिसेंबरात नव्हे. यंदा एका घरात दोन माणसं एकमेकांना धरून आहेत. दुसऱ्या घरात एक बाई आहे, जिला दारावर चांदणी लावायची की नाही, ख्रिस्तजन्माच्या देखाव्याची गव्हाणी मांडायची की नाही, हेसुद्धा एकटीने ठरवायचंय.

आणखी एक. आई एकटी पडली आहे, सासूबाई नाराज आहेत, मुलगी आजारी पडली होती, हे सगळं तुमच्या पत्रात आहे. वडील तुमचेही गेलेत. तुम्हाला स्वतःला काय होतंय, त्याबद्दल मात्र एक ओळ नाही. २३ला तुम्ही आईला सोबत करायला जाताय हे खरं, पण बाबांच्या घरात चार दिवस राहावं ही गरज तुमचीसुद्धा आहे. घरच्यांना सांगताना तीही सांगा. "आईसाठी जावं लागतंय" या वाक्यावर वाद घालता येतो, "मला जायचंय" यावर घालणं अवघड असतं.

आता तुमच्या यजमानांकडे येऊ, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. "तू ठरव, मला दोन्ही चालेल" हे ऐकायला किती समजूतदारपणाचं वाटतं! पण जो ठरवतो, त्याच्याच माथी खापर फुटतं. तुम्ही सासर ठरवलंत तर आई हिरमुसणार, माहेर ठरवलंत तर सासूबाई रुसणार, आणि हे गृहस्थ दोन्ही घरांत गुणाचे ठरणार. मुद्दाम करत असतील असं मी म्हणत नाही. आईला नाही म्हणायची वेळच अनेक मुलांवर लग्नापर्यंत आलेली नसते, आणि लग्नानंतर ते काम बायकोकडे कधी गेलं हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

तुमच्या पत्रातलंच बघा ना. "सासूबाईंना सांगितलं" असं तुम्ही लिहिता. तुम्ही का सांगितलंत? आई त्यांची आहे. सुनेने "आम्ही यंदा येत नाही" म्हटलं की ऐकणारीला ऐकू येतं, "ही माझ्या मुलाला घेऊन चालली." तेच मुलाने सांगितलं की पोरांनी काहीतरी ठरवलंय एवढंच कळतं. वाईट तेव्हाही वाटतं, पण त्यात हाडवैर पडत नाही. म्हणून तुमच्या घरात आजपासून एक नियम करा: निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा आणि आपापल्या आईवडिलांना आपण सांगायचा. सांगताना "आम्ही ठरवलंय" म्हणायचं. "तिची इच्छा आहे म्हणून" असं शेपूट एकदा जरी जोडलं, तरी सगळं मुसळ केरात.

यजमानांना काय बोलावं ते सुचत नसेल तर हे द्या: "आई, हिचे बाबा गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ आहे. यंदा २३ ते २७ आम्ही तिकडे राहणार. २८ला तुमच्याकडे येतो आणि एक तारीख करूनच निघतो. पुढच्या वर्षी २३लाच तुमच्याकडे येऊ, मध्यरात्रीची मिस्सा तुमच्याबरोबर." शेवटी "चालेल ना?" जोडू नये. ठरलेल्या गोष्टीची परवानगी मागितली की समोरच्याला नकार देण्याचं काम मिळतं. आणि हे फोनवर सांगायचं, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं नाही. तिथे एका मावशीने रडका चेहरा टाकला की पुढचा आठवडा त्यातच जातो.

पुढच्या वर्षीचं आजच सांगणं महत्त्वाचं आहे. नुसतं "यंदा नाही" म्हटलं तर सासूबाईंना तो नकार वाटेल. दोन्ही वर्षं एका दमात सांगितली की ती पाळी होते, आणि पाळी माणसं सहन करतात, कारण आपली कधी येणार हे ठाऊक असतं.

तरी त्या म्हणतीलच की नातीशिवाय कसला नाताळ. हे वाक्य खोडून काढायच्या भानगडीत पडू नका. त्यांचं म्हणणं खरंच आहे, तीन वर्षांची नात घरात नसणार म्हटल्यावर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होणार. मुलाने म्हणावं, "हो आई, आम्हालाही होणार," आणि गप्प बसावं. आपल्या निर्णयाने कुणाला वाईट वाटलं म्हणजे निर्णय चुकला असं होत नाही. सासूबाईंना वाईट वाटू न देण्याची जबाबदारी तुम्ही अंगावर घेतली आहे, ती कुणालाच पार पाडता येणार नाही.

पाच वर्षांची तुमची पद्धत मात्र कायमची बंद करा. पंचवीस तारखेचे दोन तुकडे केले की दोन्ही घरांना उरलासुरला भाग मिळतो. मिस्सा संपते तोच तुम्ही बॅगा भरायला लागता, हे सासूबाई दर वर्षी बघतात. माहेरी पोचता तेव्हा सण आवरायला आलेला असतो. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून झोपायला दोन तरी वाजत असणार, आणि सकाळी तेच झोपाळलेले डोळे घेऊन पाच तास गाडी चालवायची. मागच्या सीटवर तुमची मुलगी आहे, एवढ्या एका कारणासाठीही मी हे बंद करायला लावलं असतं. लहान मुलांना लागोपाठ तीन रात्री एकाच अंथरुणात झोपायला मिळावं. मग ती कुठल्याही आजीकडे खुशीत असतात.

"पण खरा सण २५चाच," असं दोन्हीकडे म्हणतील. बायबलच्या शुभवर्तमानांत ख्रिस्तजन्माची तारीख कुठेच दिलेली नाही. रोममध्ये २५ डिसेंबरची जुनी नोंद मिळते ती ३५४ सालच्या एका पंचांगात. आर्मेनियन अपोस्टोलिक चर्च आजही ६ जानेवारीला ख्रिस्तजन्म आणि बाप्तिस्मा एकत्र साजरा करतं. रशियन ऑर्थोडॉक्स जुन्या ज्युलियन पंचांगाने चालतात, म्हणून त्यांचा नाताळ आपल्या ७ जानेवारीला येतो. कॅथलिक पंचांगातही नाताळ एका दिवसात संपत नाही. नाताळनंतरचा रविवार पवित्र कुटुंबाचा (नाताळच रविवारी आला तर हा सण ३० डिसेंबरला), १ जानेवारी देवमाता मरियेची, पुढे तीन राजांचा सण, आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत हा काळ चालूच असतो. म्हणजे २८ ते १ सासरी राहिलात तर तुम्ही सणाच्या आतच आहात, सण उरकून गेलेल्या पाहुण्या नाही. फक्त हा इतिहास सासूबाईंना ऐकवू नका. पंचांगाचे दाखले ऐकून कुणाची सासू राजी झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. हे तुमच्या मनातल्या अपराधीपणासाठी सांगितलं.

त्या चार दिवसांना मात्र सणासारखंच वागवा. सासरची गव्हाणी तोवर मोडू नका म्हणावं, नातीची भेटवस्तू तिथे तिची वाट बघत असू दे, आणि त्या रविवारी सगळ्यांनी मिळून चर्चला जा. नाहीतर २८ला जाऊन तुम्ही लॅपटॉप उघडून बसाल आणि सासूबाईंचं म्हणणं खरं ठरेल.

नणंदबाईंनी सुचवलेला पर्याय मनापासूनचा असेल, पण यंदा नको. दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून गेलेल्या बाईला रडू आलं तर कुठे जाऊन रडायचं हा प्रश्न पडतो. आठ वाजता दिवा मालवून झोपावंसं वाटलं तरी तोंडावर हसू ठेवून बसावं लागतं. आईने आपणहून म्हटलं तर गोष्ट वेगळी. फार तर असं करता येईल: २८ला तुम्ही निघाल तेव्हा आईने दोन दिवस बरोबर यावं, आणि हे आमंत्रण सासूबाईंनी स्वतः फोन करून द्यावं. त्यांनाही या सगळ्यात नुसतं रुसून बसण्यापलीकडे काही काम मिळेल. आईने नको म्हटलं तर आग्रह नको.

नणंदबाईंना मात्र मी दुसऱ्या कामाला लावते. त्यांचं लग्न झालेलं असेल तर त्यांनाही दोन घरं असणार. त्या कुठल्या वर्षी माहेरी येतात हे विचारा. भावंडांनी पाळ्या जुळवल्या तर दोन सोयी होतात. एक तर एकाच वर्षी सगळी पोरं आईवडिलांकडे जमतात आणि दुसऱ्या वर्षी सगळी आपापल्या दुसऱ्या घरी जातात. किंवा उलटं, एक येईल तेव्हा दुसरं नाही, म्हणजे घर कधीच ओस पडत नाही. भावंडांना एकमेकांची ओढ असेल तर पहिलं बरं. तुमच्या सासूबाईंचा स्वभाव ऐकून मला दुसरं बरं वाटतं. यंदा नणंद माहेरी आली तर अर्धं कोडं सुटलं.

आणि "भाऊ परदेशात" हे तुम्ही दोन शब्दांत उरकलंत, तसं उरकू देऊ नका. पुढच्या वर्षी तुम्ही सासरी असाल तेव्हा आई एकटी असेल, आणि ती जबाबदारी त्याची आहे. आजच फोन करून सांगा की पुढच्या डिसेंबरची रजा आणि तिकीट आतापासून बघ. नाहीच जमलं तर आईला महिनाभर स्वतःकडे बोलावून घे. मुलगी हाकेच्या अंतरावर असली की मुलगा निर्धास्त होतो, हे घरोघरी दिसतं, आणि तुम्ही तर हाकेच्या अंतरावरही नाही.

राहता राहिली आई. "माझं काय" म्हणणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायचे नसतात. "येऊ का?" विचारलंत की ती "नको" म्हणणार आणि मग खिडकीशी बसून वाट बघणार. "आई, आम्ही २३ला दुपारी येतोय" एवढंच कळवा. प्रश्न विचारायचे ते लहान आणि नेमके: गव्हाणी काढायची का, बाबांच्या कबरीवर २४ला जायचं की २५ला, घरी कोणाला बोलवायचं आणि कोणाला अजिबात नको. मध्यरात्रीच्या मिस्सेला सगळा गाव भेटतो आणि जो तो सांत्वन करतो, ते तिला झेपणार नसेल. रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची अशा नाताळच्या वेगवेगळ्या मिस्सा असतात, तुमच्या चर्चमध्ये पहाटेची होत असेल तर तिला गर्दी कमी असते. ती म्हणेल त्या मिस्सेला जा. कुठेच नको म्हणाली तर एक वर्ष घरी प्रार्थना केल्याने काही बिघडत नाही. घरात हसतंखेळतं वातावरण ठेवायची सक्ती कुणावर करू नका, तीन वर्षांची मुलगी ते आपोआप करेल.

तुमचा ता.क. पत्र यजमानांना दाखवा, पण माझं उत्तर हातात देऊन "बघ, ताईसुद्धा म्हणतात" असं सुरू करू नका. कोणताही नवरा त्या वाक्यापुढे वाचत नाही. मुलगी झोपल्यावर दोघांनी कॅलेंडर समोर घ्या, यंदाचं आणि पुढच्या वर्षीचं, दोन्ही. तारखा लिहून झाल्या की फोन त्यांच्या हातात द्या. ते "उद्या करतो" म्हणतील. तेव्हा तेवढं मानू नका.

– ताई