घाटातला आवाज आणि पेट्रोलचे ऑक्टेन

प्रश्न : माझी सहा वर्षांपूर्वी घेतलेली 1.2 लिटरची, टर्बो नसलेली पेट्रोल गाडी आहे. शहरात तिची काहीच तक्रार नाही. परंतु चौघे बसून वैभववाडीकडून करूळ घाट चढताना इंजिनातून टकटक असा आवाज येतो. माझे मेहुणे नेहमी 95 ऑक्टेनचे महाग पेट्रोल भरतात आणि त्याने पिकअप वाढतो असे सांगतात. मीही तेच भरावे का?
– एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : नेहमी भरण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्या आवाजाकडे आपण मुळीच दुर्लक्ष करू नये.

ऑक्टेनचा आकडा पेट्रोलची ताकद सांगत नाही, दाब आणि उष्णता सोसण्याची क्षमता सांगतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप जसा खालून तापतो, तसेच पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाऊन तापते. ठिणगी पडल्यावर ज्योत क्रमाने पसरायला हवी. ती पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटले, तर दाबाच्या लाटा धातूवर आदळतात आणि आपण ऐकता तो आवाज येतो. गॅरेजमध्ये यालाच नॉकिंग म्हणतात. आयसोऑक्टेनला 100 आणि नॉर्मल हेप्टेनला 0 धरून हा आकडा ठरवतात. उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये मी असा पिस्टन हातात घेऊन पाहिला आहे : वरची कड सुईने टोचत गेल्यासारखी खडबडीत झाली होती आणि रिंगेच्या खाचेचा तुकडा उडाला होता. मालकाने तो आवाज बरेच दिवस ऐकूनही गाडी तशीच चालवली होती.

आपल्या गाडीला किती ऑक्टेन लागते, हे माहितीपुस्तिकेत आणि बहुधा पेट्रोलच्या झाकणाच्या आतील बाजूस लिहिलेले असते. तिथे 91 लिहिले असेल, तर 95 ने इंजिनाची शक्ती वाढत नाही, कारण त्या इंजिनाचा दाब आणि ठिणगीची वेळ 91 धरूनच ठरवलेली असते. मेहुण्यांची गाडी टर्बोची असेल आणि तिच्या पुस्तिकेत 95 ची शिफारस असेल, तर त्यांचे म्हणणे त्यांच्या गाडीपुरते खरे आहे. अशा इंजिनात कमी ऑक्टेन भरल्यास नॉक सेन्सर, म्हणजे नॉकिंग ओळखणारा भाग, इशारा देतो, त्यावरून इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा पाडतो आणि पिकअप खरोखरच मंदावतो. अमेरिकेतले व्हिडिओ पाहून 87 या आकड्याने गोंधळू नये. तिथली मोजण्याची पद्धत वेगळी आहे आणि तिथले 87 म्हणजे आपल्याकडचे साधारण 91 होय.

आता आपल्या उसाच्या पट्ट्याशी निगडित असलेली गोष्ट. इथेनॉलचे स्वतःचे ऑक्टेन 100 च्या वर आहे, त्यामुळे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन सुमारे 95 होते, असे केंद्र सरकारने सांगितले आहे. म्हणजे साध्या पेट्रोलमध्येही आता पूर्वीपेक्षा जास्त सहनशक्ती आहे. इथेनॉलमध्ये उष्मांक कमी असल्याने ॲव्हरेज थोडे घटते, आणि आपली गाडी जुन्या बनावटीची असल्याने तिचे रबरी पाइप व सील या मिश्रणाला चालतात का, हे कंपनीच्या सेवा केंद्रात विचारून घ्यावे.

असे पेट्रोल असूनही आवाज येत असेल, तर दोष इंजिनात शोधावा, असे मला वाटते. पिस्टनच्या माथ्यावर साचलेला कार्बन, चुकीच्या प्रकारचा प्लग, कमी झालेले कूलंट किंवा बिघडलेला नॉक सेन्सर यांपैकी काहीही कारण असू शकते. मेकॅनिकला केवळ ‘आवाज येतो’ असे न सांगता, किती लोक बसले होते, कोणता गिअर होता आणि इंजिन किती तापले होते, हेही सांगावे. शक्य असल्यास त्याला सोबत घेऊन चढावर गाडी चालवून दाखवावी. तपासणीसाठी टाकी जवळजवळ रिकामी झाल्यावर एकदा 95 हून जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरून पाहण्यास हरकत नाही. आवाज थांबला, तर नॉकिंगच होते हे पक्के होईल. तरी त्यावर समाधान मानून मूळ दुरुस्ती टाळू नये. आवाज तसाच राहिला, तर टॅपेट किंवा बेअरिंगकडे पाहावे लागेल.

तोपर्यंत घाटात चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून इंजिन ओढत नेऊ नये. आवाज येण्याआधीच तिसरा किंवा दुसरा गिअर टाकावा.