विरजणाचं निमित्त

"ताई, दांडिया बाजारातल्या आमच्या भजनी मंडळात अकरा जणी आहोत. एकीला नवरा मारतो. दिवाळीनंतर एका रात्री ती दोन मुलांना घेऊन माझ्याकडे आली. एकदा त्याने गळा दाबला होता, हेही तेव्हाच कळलं. आम्ही पैसे गोळा केले, तिची राहायची सोय केली. नवव्या दिवशी नवरा येऊन रडला आणि ती परत गेली. आता मंडळात सगळ्या चिडल्यात. 'तोंडघशी पडलो, पुन्हा यात पडायचं नाही,' म्हणतात. ती गुरुवारी भजनालाही येत नाही. मला झोप लागत नाही. आमचं काय चुकलं?
– एक मैत्रीण, बडोदे"

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही अपरात्री दार उघडलंत. ती परत गेली म्हणून ते वाया गेलं असं समजू नका. पुढच्या वेळी कोणाची कडी वाजवायची, हे तिला आता ठाऊक आहे. भीती मला याची वाटते, की मंडळ नेमकं तेच दार लावून घ्यायला निघालंय.

बायका परत का जातात? हातात स्वतःचा पैसा नसतो. मुलांची शाळा अर्ध्यात असते. माहेरी "किती दिवस राहणार?" हे कोणी विचारत नाही, पण ते ऐकू येतं. आणि नवरा रडतो, तेव्हा लग्नाच्या नव्या दिवसांतला माणूस परत आला असं वाटतं. फार थोड्या जणी एका फटक्यात बाहेर पडतात. बाकीच्या जातात, परततात, पुन्हा निघतात. तिला आधीच लाज वाटत असेल. म्हणूनच ती भजनाला येत नाही. त्यात "आम्ही एवढं केलं आणि तू…" हे वाक्य तिच्या कानावर गेलं, तर पुढच्या वेळी ती मार खाईल पण तुमच्याकडे येणार नाही.

गळा दाबल्याचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत. मी मात्र तिथेच अडकले. ज्या नवऱ्याचा हात एकदा गळ्यापर्यंत गेला, त्याच्या हातून जीव जाण्याचा धोका कितीतरी वाढतो. वर वळ दिसला नाही तरी आत इजा असू शकते. पुन्हा असं झालं तर त्याच रात्री सयाजी हॉस्पिटलला न्या, काय घडलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि कागदावर लिहून घ्या.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात एका बिऱ्हाडातून आवाज चढले, की आजी वाटी घेऊन तिथे जायची. "विरजण आहे का गं?" मला वाटायचं, आमच्याकडचंच विरजण सारखं कसं संपतं! दार उघडावं लागायचं, हात थांबायचा. तेवढ्यापुरता. दुसऱ्या दिवशी नळावर आजी त्या काकूंशी पाण्याबद्दल बोलायची, रात्रीबद्दल चकार शब्द नाही. आजीचं धाडस मला आजही मोठं वाटतं, पण त्या गप्प बसण्याचं वाईट वाटतं. काकूंना कोणीतरी "तुला काय हवंय?" असं विचारायला हवं होतं.

तुम्ही ते विचारा, एकटीला गाठून. "तू काय करावंस" हे सांगू नका. नवऱ्याला जाब विचारायला तर मुळीच जाऊ नका. तुमची पाठ फिरली की राग तिच्यावर निघेल. तिची तयारी असेल तर आधारकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, दागिन्यांच्या पावत्या यांच्या झेरॉक्स तुमच्याकडे ठेवा. फोटो तिच्या फोनमध्ये नकोत, नवरा तिचा फोन बघत असणार. एक खुणेचा मेसेज ठरवा. "विरजण आहे का?" हाच ठेवा हवं तर. तो आला की एकीने १८१ लावायचा. आपल्याकडे गुजरातेत ही अभयम् हेल्पलाइन दिवसरात्र चालते आणि गाडीतून समुपदेशक व महिला पोलीस घरी येतात. जिवावर बेतलं असेल तर सरळ ११२. हे सारं दोघी-तिघींतच राहू द्या. अकरा जणींना कळलेलं खंडेराव मार्केटपर्यंत पोचतं आणि तिथून त्याच्यापर्यंत.

तिला संसार मोडायचा नसेल, तरी कायदा तिच्या बाजूने आहे, हे तिला सांगाच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली घटस्फोट न मागताही मारहाण थांबवण्याचा आदेश मिळवता येतो. घर कोणाच्याही नावावर असो, ती जिथे राहते तिथून तिला असंच हुसकता येत नाही. अर्जाला संरक्षण अधिकारी मदत करतात, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, मिळकत कितीही असो.

तुमच्या चिडलेल्या मैत्रिणींना आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगा. १९९५ साली महिला समाख्या या सरकारी कार्यक्रमातल्या, खेड्यापाड्यांतल्या बायकांनी इथे नारी अदालत सुरू केली. त्यांतल्या कित्येक जणी जेमतेम अक्षरओळख असलेल्या. सरकारी कचेरीच्या आवारात जमिनीवर गोल करून बसायच्या, दोन्ही बाजू ऐकायच्या, स्त्रीधन परत मिळवून द्यायच्या. मला त्यांचं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की समेट झाल्यावरही त्या त्या घरी फेरी मारून बाई कशी आहे ते बघत. तुमची मैत्रीण आज अगदी तिथेच आहे, समेटानंतरच्या दिवसांत. फेरी आत्ताच हवी.

मंडळाची भिशी असेल तर पुढचा नंबर चिठ्ठी न टाकता तिला द्या. पैसे तिच्या एकटीच्या खात्यात जाऊ देत, आणि त्याचा बोभाटा नको.

येत्या गुरुवारी जाताना तिच्या दारात थांबा. मागचं काही काढू नका. "चल, टाळ धरायला कोणी नाहीये," एवढंच म्हणा. नाही आली, तर पुढच्या गुरुवारी पुन्हा थांबा.

तुमची,
ताई