जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरमधला मूळचा गॅसचा हीटर थंडीत वापरावा का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत ओहायोत १९७२चा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर घेतलंय, आतली गॅसची फर्नेस (मूळचा हीटर) काडी लावली की लगेच पेटते, आणि नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मुलांना घेऊन निघायचा बेत आहे. कळकळीने सांगतो, पेटते म्हणजे चांगली आहे असं धरून चालू नका. उघडून तपासेपर्यंत तिच्या भरवशावर एकही रात्र काढू नका.

आम्ही मिशिगनमध्ये असतो, आमचा ट्रेलर १९६९चा. आमचीही फर्नेस पहिल्या काडीत पेटायची. दुसऱ्या वर्षी पंखा खरखरू लागला म्हणून ती काढून गॅरेजमधल्या टेबलावर घेतली. या प्रकारच्या फर्नेसमध्ये ज्योत एका बंद पत्र्याच्या पेटीत जळते. तिला लागणारी हवा बाहेरून येते, धूर बाहेरच जातो आणि आतली हवा पेटीच्या बाहेरच्या अंगाला लागून फक्त तापते. गॅरेजचा दिवा मालवून पेटीत टॉर्च सोडला, तर शिवणीपाशी केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. तिथून कार्बन मोनॉक्साइड थेट आमच्या अंथरुणाशी येऊ शकत होता. त्याला ना रंग, ना वास. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये म्हणतात, ते याच वायूमुळे. आमची मुलगी फर्नेसच्या गरम हवेच्या जाळीच्या अगदी समोर झोपायची. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

पेटीला भेग असेल तर डागडुजीच्या भानगडीत पडू नका, फर्नेस बदला. आम्ही तेच केलं. सोबत रेग्युलेटर आणि रबरी नळ्या नव्या घ्या, आणि गॅसचा दाब जाणकाराकडून मोजून घ्या. तो ११ इंच उंच पाण्याच्या स्तंभाइतका लागतो. प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावा, आई घरी सिलिंडर बदलल्यावर लावायची तसाच. बुडबुडा आला की गळती. प्रोपेन हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून त्याची गळती ओळखणारा डिटेक्टर जमिनीलगत बसवतात. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा घ्या आणि त्यावरची मुदत बघा.

फर्नेस होईपर्यंत सुटा गॅस हीटर लावू म्हणाल, तर झोपताना तोही नको. त्याचा सगळा धूर आतच राहतो. शिवाय एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. ती गार भिंतींवर ओघळते आणि गादीखाली बुरशी धरते. हीटर कुठलाही असो, छतावरची झडप आणि एक खिडकी बोटभर उघडी हवीच.

आता पाणी. गोठलं की ते सुमारे ९ टक्के फुगतं. पहिल्या हिवाळ्यात टाकी रिकामी केली आणि झालं असं मी समजलो. वसंतात नळ सोडला तर सिंकखाली कारंजं! तांब्याच्या नळीचा कोपरा पिकलेल्या शेंगेसारखा उकलला होता. नळ्यांच्या वळणात उरलेलं पाणी टाकी रिकामी करून जात नाही. म्हणून वॉटर हीटर गार झाल्यावर त्याचं बूच काढून तो रिकामा करा, बायपास करा, म्हणजे नळ्यांतलं पाणी त्याला वगळून जाईल, आणि पंपाने गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ (ट्रेलरच्या नळ्यांसाठीचं, थंडीत नळ्या फुटू न देणारं द्रव) गरम-गार दोन्ही नळांतून, शॉवरमधून, टॉयलेटमधून गुलाबी धार येईपर्यंत सोडा. सिंकखालच्या वाकड्या नळीतही कपभर ओता. गाडीचं हिरवं अँटिफ्रीझ चुकूनही वापरू नका, ते विषारी असतं.

बॅटरी घरात आणून भरलेली ठेवा. पूर्ण उतरलेली बॅटरी कडाक्यात गोठून फुटते.

या वेळी मी तुमच्या जागी असतो तर ट्रेलरमध्ये पाणी भरलंच नसतं. नोव्हेंबरात बरेच कॅम्पग्राउंड नळ बंदच करतात, तेव्हा पिण्याचं पाणी कॅनमधून न्या. वीज मिळेल अशी जागा घ्या आणि १५०० वॉटचा हीटर एक्स्टेन्शन कॉर्डशिवाय थेट भिंतीतल्या प्लगवर लावा. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. गरम लागला तर हीटर लगेच बंद करा आणि आधी वायरिंग दाखवा. फर्नेस उघडलीत की पेटीच्या शिवणीचा जवळून फोटो जोडा, मी पाहून सांगतो.